हात वर

नान्सिओच्या धक्क्यामागं, खिळेपत्र्याच्या दुकानावरची खोली
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आमची.
आमची म्हणजे सौरदिवे विकणाऱ्या अकरा जणांची,
जे उरलेल्या सगळ्या दिवशी
एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात.

संघाचा शिक्का आहे. त्यावर उगवता सूर्य,
किरणं मोजून अकरा.
(बारावा सभासद आला तर काय, हा विषय
तीन सभा पुढं ढकलला आहे.)
अध्यक्ष मसांजा, खजिनदार बुगिंगो.
इतिवृत्त मी लिहितो, कारण अक्षर बरं
आणि दुकान सगळ्यांत लहान.

काम काय करतो म्हणाल, तर
पॅनेलवरचा कर उतरवा म्हणून म्वान्झाला अर्ज.
बाजाराच्या दिवशी कर्णा लावून ओरडणं,
की रॉकेल घरात धूर करतं आणि खिशाला भोक.
शाळेच्या छपरावर दोन पॅनेलं फुकट,
खाली आमची नावं,
पॅनेलांहून मोठी.

त्या मंगळवारी विषय तिसरा चालू होता
तेव्हा काबुला जिना चढून आली.
चार होड्यांची मालकीण, दागा वाळवून विकते,
तिच्याआधी तिच्या मासळीचा वास खोलीत शिरला.
टोपली टेबलावर उपडी केली.
सतरा दिवे.

"अवसेसाठी घेतले, अवसेलाच मेले.
चंद्र नसतो तेव्हाच तर दागा उजेडाला येतो.
पोरं मध्यरात्री चाचपडत काठाला लागली.
कंदील मी विकून टाकले होते,
तुमचा कर्णा ऐकून."

मसांजा म्हणाला, पावती?
पावती नव्हती.
कुठल्या दुकानातून?
पोरगा आणायला गेला होता. तो सरोवरावर आहे,
उसन्या रॉकेलवर.

मग आम्ही सगळ्यांनी हात वर केले.
ठरावासाठी नव्हे.
आमच्या सभासदाचा माल नसणार, आई,
परक्या फेरीवाल्याचा असणार, आई,
आले घातलेला चहा घ्या, आई.

तिनं चहा घेतला नाही.
मासे चिरायची सुरी काढली,
एका दिव्यातली बॅटरी उचकटून
उभी चिरली.

वाळू.

बारीक, कोरडी, चिमूटभर काळी पूड आणि बाकी वाळू,
माझ्या वहीवर सांडली,
"मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम" या ओळीवर.

लाल वेष्टण मी ओळखलं.
माझ्या गल्ल्याखाली तसली दोन खोकी होती.
स्वस्त मिळाली तेव्हा का स्वस्त, हे विचारलं नव्हतं.
मान वर करून पाहिलं, तर
दहाही जण वाळूकडे बघत होते,
एकमेकांकडे कोणीच नाही.
तेव्हा कळलं, खोकी दोनच नसावीत.

शेवटी न्यामिझी बोलली. सगळ्यांत जुनी ती,
सभेत सहसा विणकाम करते.
"धक्क्यावरच्या पाटीसाठी पैसे साठवलेत ना?
पाटी राहू दे.
आता हात वर करा. या वेळी मोजण्यासाठी."

माझा हात सातवा होता. खोटं लिहिणार नाही.
मसांजाचा शेवटचा, कोपरात वाकलेला.

त्यानंतरचे मंगळवार कंटाळवाणे.
बुगिंगोच्या परसात बॅटऱ्या रात्रभर जळत ठेवायच्या,
पहाटेपर्यंत टिकेल तिच्यावर हिरवा ठिपका,
न टिकेल ती कोणाचीही असो, पोत्यात.
पोतं भरत गेलं तशी भांडणंही.
दोघं संघ सोडून गेले,
शिक्क्यावर किरणं मात्र अकराच.

पुढच्या अवसेला मी काठावर गेलो होतो.
लांब पाण्यावर दिव्यांची ओळ, थोडी वाकडी.
कुठला दिवा कोणाच्या दुकानातला, कळत नव्हतं,
आणि मी बराच वेळ ओळखू पाहत होतो,
सवय जात नाही.
दागा इतिवृत्त वाचत नाहीत.
उजेड दिसला की वर येतात.

वहीच्या शिवणीत ती वाळू अजून आहे.
पान उलटलं की कुरकुरते.
झटकून पाहिली एकदोनदा,
मग म्हटलं, असू दे,
नोंदच आहे.