दुसऱ्या शनिवारचा फॉर्म

मे महिन्यात कंपनीने सुट्टी वाढवली.
दर दुसरा शनिवार, भरपगारी.
पेंडीचा वास अंगावर तसाच घेऊन
आम्ही नोटीस बोर्डापाशी गर्दी केली.

खाली बारीक टाइपात नियम होते:
ही सुट्टी विश्रांती, कुटुंब व आत्मविकासासाठी आहे.
दुसरीकडे कामास जाऊ नये.
पत्ते, व्यसन, विनाकारण झोप टाळावी.
सोमवारी फॉर्म भरून द्यावा,
दिवस कसा घालवला, पाच ओळी.

विनाकारण झोप म्हंजे कशी, केरबाने विचारलं.
कुणालाच सांगता आलं नाही.

माझं अक्षर बरं, म्हणून फॉर्म माझ्याकडे आले,
एका फॉर्मला एक चहा.
केरबा मेव्हण्याची रिक्षा मारतो गंजगोलाईत,
मी लिहिलं, मुलीचा अभ्यास घेतला.
सरूबाई औशाच्या लग्नात पुऱ्या लाटून आली,
मी लिहिलं, योगासने.
कोनतं आसन रे, म्हणत तिने हात पुढे केला.
मनगट सुजलेलं होतं.

मुंजाजीकडे दहाव्या दिवशी नळ आला होता.
दिवसभर तो भांडी बदलत बसला,
घागर, बॅरल, पातेली, शेवटी लेकीचा डबा.
पाण्याबद्दल नियमात काहीच नव्हतं,
खरं लिहिलं असतं तरी चाललं असतं.
पण माझा हात सुटला होता:
मुंजाजी बायकालेकरांना घेऊन खरोशाच्या लेण्यांत गेला.
दगड गार होता. दशम्या सोडल्या.
धाकट्याने आत तोंड करून हाक मारली,
लेणीने ती परत दिली.

निटूरकर मॅडमनी तो फॉर्म बोर्डावर लावला,
वर लाल शाईत: आदर्श शनिवार.

शिफ्ट सुटल्यावर मुंजाजी तिथे थांबला.
ओळींवरून बोट फिरवत वाचलं, दोनदा.
मला वाटलं, आता शिव्या घालणार.
फाट्यापर्यंत तो गप्पच चालला,
मग म्हणाला, ‘चांगलं झालतं की रे.
पुढच्या बारीला आईलाबी ने.
सावलीत बशीव फक्त,
पायऱ्या चढवत न्हाईत तिच्यानं.’

तीन वर्षं झाली तिला जाऊन.
मातीला मीही होतो.

फॉर्मवर जागा पाचच ओळींची.
जुलैत मी तिला समासात बसवलं,
तिथे ऊन येत नाही.