मुदत

लायसनवर मुदत नाही. न्यूझीलंडच्या त्या कार्डावर
मी सत्तावीसची, कानात डूल,
आणि मागे-पुढे कुठेही
"अमुक तारखेपर्यंत" असं छापलेलं नाही.
संपलंय ते बाकीचं:
मेडिकल, दर दोन वर्षांनी परीक्षकाला शेजारी बसवून मारायची फेरी,
नव्वद दिवसांत तीन वेळा उतरणं.
चार वर्षं मी फैजपुरात केळी उतरवून घेते आहे.

तीन आठवड्यांसाठी आले होते.
पप्पांचा उजवा हात गेला त्या मे महिन्यात.
चेंबरमधली केळी कुणासाठी थांबत नाहीत,
चौथ्या दिवशी पिवळी, सहाव्या दिवशी ठिपके.

"विमानाचं लायसन परत चालू करायचंय," म्हटलं,
तर टोपलू झोपेकाकांनी अर्धंच ऐकलं.
"विम्याचं? मंग भरी टाक आजच.
एक दिवस चुकला की गेलं."
मी म्हटलं, हो. तसंच आहे.

चालू.
मोटर चालू, पंखा चालू, तो ब्यावलचा व्यापारी तर फारच चालू.
माझ्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं
ते ठरत नाही.

रात्री चेंबरचे पंखे घुमायला लागले की
प्लास्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसते.
डावी टाकी. मिक्श्चर. ट्रिम. फ्लॅप.
हात अंधारात नेमक्या जागी जातात,
जीभ मात्र टॉवरला हाक मारता मारता
वजनकाट्याचे आकडे बोलायला लागते.

फॉर्मात एक रकाना आहे: शेवटचं उड्डाण.
मी तारीख घातली, पेन्सिलीनं,
आणि "शेवटचं" खोडून "मागचं" केलं.
मग आठवलं, फॉर्म त्यांचा आहे. पुन्हा छापून आणला.

ग्रेसचं उत्तर आलं, माझी जुनी शिक्षिका:
पाच तास लागतील, कदाचित आठ. ये तर खरी.

पप्पा ओट्यावर पिवळा चेंडू दाबत बसलेले.
भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज शंभर वेळा,
नाहीतर हात विसरतो.
त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर...
मधेच थांबून म्हणाले, "उतरताना भ्याव वाटे का तुले?"

वाटायचं, म्हटलं.
आता कसं वाटायचं ते आठवत नाही.

हे वाईट लक्षण.
याला फॉर्मात रकाना नाही.