मधलं बटण

फौंड्रीच्या ऑफिसातून भंगारात निघालेला कॉम्प्युटर
अनगोळच्या आमच्या खोलीत टीव्हीमागे बसवला.
त्यात लिनक्स घातलं, आणि कॅसेटींवरून उतरवलेल्या
कुस्त्या, लगमाण्णामामाला हव्या त्या सगळ्या.

माऊस मामाच्या हातात टिकत नाही.
उजव्या हाताची तीन बोटं उद्यमबागेत राहिली,
एकोणीस वर्षांपूर्वी, रात्रपाळीला.
उरलाय अंगठा
आणि करंगळी, विडी टेकवायपुरती.

म्हणून रिमोट.
धंदा गुंडाळलेल्या केबलवाल्याचा,
आकडे पुसलेला, पाठीला रबर बँड.
खडे बाजारातून तीन पायांचा रिसीव्हर आणला,
मसुराएवढा काळा डोळा,
सिरियल पोर्टच्या वायरींना डाग दिला.
उलटा दिला. धूर.
दुसरा आणला.

"काय करुलालीस गं?"
रिमोट जिवंत आहे का बघतेय, मामा.
मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं धरून बटण दाबलं,
टोकाला जांभळट ठिणगी. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही.
मामाला नवल वाटलं नाही.
"लोखंड लाल असतंय तवर माणूस जपतो.
काळं पडलं की फसतो.
दिसत नाही, पण असतंय की."

काळ्या पडद्यावर कमांड मारली, म्हटलं, दाब.
शून्य एक्स चार शून्य.
"हे काय?"
हे तुझं 'वर'.
"ह्यात वर कुठं आहे?"
कुठंच नाही. रिमोट नुसता आकडा फेकतो.
इकडं एक फाईल असते,
तिच्यात आकड्यापुढं नाव लिहायचं.

दारात शेंगा फोडत बसलेली निंगव्वा म्हणाली,
"मेले अंत बरी."
मामा म्हणाला, वर लिही.
मी लिहिलं केई अंडरस्कोर अप,
फाईलला तेवढंच कळतं.
"बरं झालं," निंगव्वा म्हणाली,
"तुमचं बी नाही, आमचं बी नाही,"
आणि खुदकन हसून टरफलं रस्त्यावर झाडली.

मग एकदा दाबलं की दोनदा हलायला लागलं.
मामाचा अंगठा जड, उचलायला वेळ घेतो,
यंत्राला वाटतं, परत दाबला.
मधला वेळ वाढवला. दोनशे मिलिसेकंद.
पाचशे.
सातशेला एका दाबाला एकच पायरी.
भट्टीवरची लाईन कधी कुणासाठी
एवढीसुद्धा थांबली नसणार.

रेशन दुकानातलं यंत्र हा अंगठा ओळखत नाही.
रेषा भाजून सपाट झाल्यात,
दर महिन्याला तीन वेळा टेकवायचा, तीन वेळा लाल दिवा,
मग माझा फोन, मग ओटीपी,
मागची रांग चुळबुळते.
रिमोटला मी सांगितलंच नाही
दाबणार कोण आहे ते.

साडेआठला लाईट गेली.
आली तेव्हा मामानं दाबलं. काही नाही.
परत दाबलं.
सगळी नावं मेमरीत होती, वीज गेली तशी गेली.
मामा काही बोलला नाही,
रिमोट फडताळात ठेवला,
विडीच्या बंडलाशेजारी, नीट, सरळ.

फाईल योग्य फोल्डरात ठेवायची असते,
आणि सुरू होताना ती वाच, अशी एक ओळ.
एवढंच राहिलं होतं. मला अकरा वाजले.
मुद्दाम बटण बंद केलं, चालू केलं,
पडदा बराच वेळ काळा,
पांढरी अक्षरं भरभर,
शेवटी यादी.

झोपलेल्या मामाला हलवलं. हे मधलं दाब.
दाबलं.
लाल मातीत दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून,
हलगी कडाडली, सगळी गल्ली दणाणली,
भिंतीपलीकडून निंगव्वा ओरडली, "साकु! साकु!"

मामा अंगठा फिरवत राहिला रिमोटभर.
आवाजाच्या बटणांना नाव द्यायचं
अजून राहिलं होतं.