चोवीस मोटारी

वहीच्या पहिल्या पानावर मी
मोठ्या अक्षरांत लिहिलं: चालणारं यंत्र.
खाली आठ पाय काढले, मग पाठ,
पाठीवर टोपली. कारण ते ओहोटीला
दिवाळे गावाच्या चिखलात उतरणार,
तिवरांच्या मुळांतून वाट काढणार
आणि बाबांनी लावलेले फग उचलून आणणार.
बाबांचे गुडघे हल्ली ऐकत नाहीत.

याआधी मी फक्त दारावरची बेल दुरुस्त केली होती.
ती आता रात्री दोनला आपोआप वाजते.

आठ पाय, पायाला तीन सांधे,
म्हणजे चोवीस मोटारी.
तुर्भ्याचा इलियासभाई म्हणाला, तीनशे वीसला एक,
आणि विचारलं, कुठल्या कॉलेजचा प्रोजेक्ट?
मी म्हटलं, घरचा.
त्याने चहा मागवला. भाव तोच ठेवला.

सात हजार सहाशे ऐंशी.
शिवाय वजन: तेराशे वीस ग्रॅम नुसत्या मोटारींचं.
ते उचलायला मोटारी मोठ्या हव्यात,
त्यांना बॅटरी मोठी,
बॅटरी उचलायला पुन्हा मोटारी.
झेरॉक्सच्या दुकानात, दुपारच्या सुस्तीत,
कुणाच्या तरी फसलेल्या भाडेकराराच्या पाठीवर
तीन वेळा हिशेब मांडला.
तिन्ही वेळा माझं यंत्र
स्वतःलाच डोक्यावर घेऊन जागच्या जागी बसलं.
टोपलीच्या वाट्याला उरलं
एक लिंबू.

घरी आले तर आई दारात चिंबोऱ्या बांधत होती.
पायाने पाठ दाबायची, डेंगे मुडपायचे,
सुतळीचे दोन वेढे, गाठ, टोपलीत.
सहा सेकंद. मी मोबाइलवर मोजले.
म्हटलं, एक मोकळी सोड ना, बघायचंय.
चारशेची हाय ती, आई म्हणाली.
मग जिचे डावीकडचे दोन पाय फगाच्या जाळीत तुटलेले,
जिला गिऱ्हाईक हात लावत नाही, ती सोडली.
डेंगे बांधलेलेच.

ती चालली.
मी वही घेऊन मागे, लादीवर उकिडवी.
कुठला पाय आधी? कुठला टेकलेला, कुठला हवेत?
लिहीपर्यंत पुढची चार पावलं होऊन गेलेली.
व्हिडिओ काढला, हळू करून अकरा वेळा पाहिला.
पाय नव्हते तिथे ती अडत नव्हती.
उरलेले सहा जण जमीन
आपसांत नव्याने वाटून घेत होते,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून
आमच्या भावकीला जे अजून जमलेलं नाही.

आई सुतळी दातात धरून म्हणाली,
तुज्या यंत्राचा एक पाय तुटला, तं चालंल का गो?

मी आराखडा उलटसुलट करून पाहिला.
तुटायचं मी कुठे धरलंच नव्हतं.

चिंबोरी फ्रिजखाली गेली.
केरसुणीने बाहेर काढेस्तोवर साडेनऊ.

दुसऱ्या पानावर मग लिहिलं: एक पाय.
तीन मोटारी, नऊशे साठ, पुढच्या पगाराला.
जेवायच्या पाटाला बोल्टने आवळायचा
आणि तो पाट ओढतो का बघायचं.
माझा पाट नको, बाबा खाटेवरून म्हणाले.
थोड्या वेळाने म्हणाले, आन् चिखलात रुतला तर?
वर ओढेल, मी म्हटलं.
वर ओढून पाय निघतो का कधी?

ते उठले. एका हाताने दाराची चौकट धरली,
कोरड्या लादीवर खाडीत उभं राहावं तसे उभे राहिले.
टाच आधी वळवायची. हां, अशी.
खाली वारा शिरला पाहिजे.
मग चिखल आपणच सोडतो.

म्हणजे तीन सांधे पुरणार नाहीत.
मी तीन खोडून चार केले,
नऊशे साठ खोडून बाराशे ऐंशी.
घोट्याचा कोन नीट दिसेना, म्हणून जवळ सरकले.
त्यांचा गुडघा थरथरत होता.
माझं चित्र पुरं होईपर्यंत
बाबांनी पाय खाली टेकवला नाही.