खडू

खणात काय होतं तर
कुण्या डॉक्टरच्या गाडीतला रबरी वाटीचा होल्डर,
अर्ध्यात अडकलेली सेल्फी स्टिक,
वेबकॅमचा चिमटा (वेबकॅम कधीच मेला),
आणि मान वाकणारा यूएसबीचा दिवा.
मिरजेत माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात
निकामी काही नसतं, नुसतं बेवारस असतं.

गल्लीच्या तोंडाशी हिदायतचाचा सतारीची जवारी काढतात.
घोडीवर कानस, एक फुंकर,
तार छेडायची, कान तिरका, पुन्हा कानस.
नातू बंगळुरात. म्हणतो, फोनवर शिकवा.
चाचा म्हणतात, हा काय चहा आहे?

म्हणून जोडलं सगळं.
काठीच्या बुडाला चिमटा, टोकाला होल्डरचा गोळा,
गोळ्यावर माझाच जुना फोन.
दिव्याची मान फार मऊ निघाली, ती परत खणात.
सांध्यासांध्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी,
रबराशिवाय आमच्या धंद्यात देवही घट्ट बसत नाही.

पहिल्या दिवशी त्यांच्या पाटालाच लावलं.
कानस चालली की चित्र थरथरायचं,
जसा कोयनेकडून हादरा आलाय.

दुसऱ्या दिवशी चिमटा काढून रबरी वाटी,
खिडकीच्या काचेवर, थुंकी लावून.
सव्वाचारला टप्प.
फोन तुंब्यांच्या ढिगात पडला.
वाजला मात्र छान.

तिसऱ्या दिवशी कपाटाची फळी.
अकरा मिनिटं झकास,
मग मान हळूहळू खाली,
हात गेले, घोडी गेली,
उरली चाचांची लुंगी आणि भुसा.
"तुझा कॅमेरा पेंगतोय की रे."
मी चकती पिळली. अजून पिळली.
प्लॅस्टिक रडायला लागलं.

चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला,
गोळा बाहेर काढून अंगठ्यानं चाचपला.
"गुळगुळीत झालाय. पिळून काय होतंय?
खुंटी घसरायला लागली की आम्ही काय करतो?"
मला माहीत नव्हतं.
चाळीस पावलांवर माझं दुकान, अठरा वर्षं.

डब्यातून खडूचा तुकडा काढला, शाळेतला, पांढरा.
गोळ्यावर फिरवला, बसवला, दोनदा घुमवला.
"पिरगळायचं नसतं. धरायला लावायचं असतं."

मान जिथं ठेवली तिथं राहिली.

त्या दुपारी चाळीस मिनिटं चित्रण झालं.
डावा हात निम्मा चौकटीबाहेर,
मध्येच भंगारवाल्याची हाळी.
कानस कुठं थांबते ते दिसतं,
थांबून ते काय ऐकतात ते नाही दिसत.
नातवानं लिहिलं, आवाज बारीक आहे, पण हात कळतात.

आता माझ्या खणात खडूची पेटी असते.
काल एक रिक्षावाला आला, होल्डर मान टाकतोय म्हणून.
मी खडू काढला. तो बघतच राहिला.
किती झाले, म्हणाला.
मी चष्मा कपाळावर ढकलायला गेलो
आणि आठवलं,
मला चष्माच नाही.