दुभाष्या

आरोप असा: मार्चमधल्या एका पहाटे
न्यीमा बोजांग आणि आणखी अकरा जणींनी
फावड्यांनी, हातांनी, एकीनं तर उलथन्यानं,
वाळूत पुरलेला कारखान्याचा पाइप उकरून काढला.
नुकसान: अमुक लाख दलासी.

मी हे मांडिंकात सांगतो.
ती म्हणते, 'फावडं माझं. पोलिसांकडे आहे.
परत कधी मिळेल, विचार.'
मी विचारतो. तेवढंच माझं काम.
स्वतःचं काही बोलायचं नाही,
पगार त्याचाच.

वकील म्हणतात, पाइपातून काय वाहत होतं
याला पुरावा?
ती बोंग्याबद्दल बोलू लागते.
धुरावर वाळवायचो, टोपली डोक्यावर घेऊन तीन गावं फिरायचो.
आता होडी टेकण्याआधीच
कारखान्याचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा, नोटा उंच धरून.
मासा दळतात. पिठाची पोती जहाजावर चढतात,
कुठल्याशा थंड देशात पिंजऱ्यातल्या माशांना
आमचा मासा भरवतात म्हणे.
'आणि माझा सुटाय भातावर नुसता कांदा घेतो.'

'मुद्द्याचं बोला.'
हेही मलाच तिच्या भाषेत आणावं लागतं.

मग ती पिशवीतून डोईचं फडकं काढते,
सात वेळा धुतलेलं,
आणि टेबलावर पसरते.
पंखा फिरत असतो. पुढचं पंखाच करतो.
कारकून उठून खिडकी उघडतो;
खिडकी समुद्राकडची, तो लगेच लावून घेतो.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
न्यायाधीशांनी रुमालानं नाक दाबलं,
तोंड मात्र मिटलेलंच.

त्या वासाला तिनं एक शब्द वापरला.
माझी आई वापरायची तो,
समुद्र पाठ फिरवून गेला की मागे जे उरतं, त्याला.
मी 'दुर्गंधी' म्हणालो.
नोंद झाली: दुर्गंधी.
खाली माझी सही आहे.

पुढची तारीख एकोणीस.
फडकं घडी घालता घालता ती विचारते, काय म्हणाले?
मी सांगतो: एकोणीस तारीख, सकाळी नऊ,
जामीन कायम,
आणि, त्याच सरकारी आवाजात, न थांबता,
फावडं हवं असेल तर माझ्या घरी एक आहे.