कंटिन्युइटी

हुतात्म्याचे सदरे मी सात शिवले,
मांजरपाटाचे, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले.
हवालदाराचा कोट एकच.
प्रॉडक्शनचा पोरगा म्हणाला,
काका, तो एकदाच तर मरतो.

एकदा कुठला. अकरा टेक झाले.
भद्रकालीच्या मागच्या बोळात, पहाटे चार ते सात,
गोळी लागायची, रत्नाकर गुडघ्यावर यायचा, मग आडवा.
"फार दुखतंय असं दाखवू नकोस रे,"
दिग्दर्शक समजावून सांगायचा, प्रेमानेच,
"लोकांचं लक्ष तुझ्याकडे जातं."

दर टेकला कोट नळाखाली, मग इस्त्री,
मग काकवीत कालवलेला रंग
मोबाइलमधल्या फोटोशी ताडून,
दुसऱ्या बटणाखाली, पळसाच्या पानाएवढा.
तसूभर इकडेतिकडे चालत नाही.

खिशात मी चार बत्तासे ठेवले होते, कागदात बांधून.
रात्रपाळी करून घरी जाणारा माणूस,
असेल कुणी वाट बघणारं.
"कॅमेऱ्यात दिसणार नाहीत ते."
माहीत होतं.
सातव्या टेकनंतर धुताना ते विरघळले,
खिसा चिकट झाला.
त्याचा फोटो कुणी काढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात रामकुंडावर अस्थींचा सीन,
हुतात्म्याच्या.
गोवऱ्यांची राख, दोनदा चाळलेली.
दोरीपलीकडे निफाडकडची माणसं थांबलेली,
एकाच्या छातीशी लाल फडक्यातलं गाठोडं.
असिस्टंट म्हणाली, बाबा, जरा मागे, फ्रेममध्ये येताय.
तो मागे सरकला.
कोण हो, मी विचारलं.
धाकटा. ट्रकवर होता.
मग आम्ही दोघे बघत राहिलो,
आमची राख पाण्यावर तरंगतच होती,
बुडता बुडत नव्हती.

नाशिकरोडला पहिल्याच दिवशी गेलो, नातवाला घेऊन.
गोळी सुटली आणि थेटर उठून उभं राहिलं.
शिट्ट्या, मोबाइलचे दिवे,
कुणीतरी चिल्लर उधळली, ती पायऱ्यांवरून घरंगळत आली.
नातू खुर्चीवर चढून टाळ्या पिटत होता.
रत्नाकर पडद्यावर सव्वा सेकंद पडला.

खोटं कशाला बोलू,
फाशीच्या वेळी माझाही गळा दाटला.
एकोणीस वर्षांचं पोर ते,
जुलूम खरा होता, दोरही खरा वाटत होता,
आणि अंगात सदरा माझा.
तेव्हा मला बत्तासे आठवले नाहीत.
ते आठवले दिवे लागल्यावर,
नावांची यादी वर सरकत असताना
आणि लोक चपला शोधत असताना.
हवालदार नंबर दोन. पुढे रत्नाकरचं नाव,
तेही चुकीचं लिहिलेलं.

द्वारकेच्या सिग्नलला नातवाने मागून विचारलं,
आबा, तो पोलीस वाईट होता का?
सिग्नल नव्वद सेकंदांचा.
मी म्हटलं, उंच होता रे.
कोट तोकडा पडला होता त्याला, बाह्यांना.